राबायला पोरं, ठरवायला कोण? कृष्णाकाठच्या एका ग्रामपंचायतीला खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांस,

विषय : जुन्या मराठी शाळेच्या दोन खोल्या पूर पथकाकडून काढून घेण्याचा ठराव

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला कळेलच. आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या बऱ्याच गावांना हे पत्र आपल्याच ग्रामपंचायतीला लिहिलंय असं वाटलं, तर वाटू दे.

मार्चच्या मासिक सभेत तुम्ही ठराव केलात की जुन्या शाळेच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या करून तिथं भाड्यानं द्यायला गाळे काढावेत. आम्हाला ते शिपाईमामांनी आणून दिलेल्या चिठ्ठीवरून कळलं. आठ दिवसांत साहित्य हलवा, एवढंच तिच्यात होतं. कुठं हलवा, ते नव्हतं. पोरं भेटायला आली तेव्हा तुमच्यातलेच एक जण म्हणाले, "पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू की. तुम्ही आहातच." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण गेली काही वर्षं गावात हेच चाललंय. पाणी आलं की पोरं आहेतच. गाळ काढायला, विहिरीत टीसीएल (जंतुनाशक पावडर) टाकायला, चारा उतरवायला पोरं आहेतच. खोली कुणाला द्यायची, निधी कशावर घालायचा, बोटीची किल्ली कुणाकडं ठेवायची हे ठरवायची वेळ आली की मात्र पोरं लहान असतात. हे आता गप्प बसून चालवून घ्यायचं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी एकोणीस वर्षांची होते. आमचं घर खालच्या गल्लीत, आजी अंथरुणाला खिळलेली. तिला गुळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढलं ते तालमीतल्या चार पोरांनी. सरकारी बोट गावात पोचली तेव्हा खालच्या गल्लीत पाणी पत्र्याला लागलं होतं. यात कुणाला दोष द्यायचा नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट धरतात, त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. अख्खा जिल्हा बोट मागत होता. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढतानाच बोट उलटली आणि बायका, लेकरं बुडाली. ती बातमी आली तेव्हा आम्ही उंचावरच्या मंगल कार्यालयात होतो. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. पुढच्या वेळी नुसत्या हिमतीवर भागणार नाही, हे तिथंच पोरांच्या डोक्यात बसलं. बोटीत किती माणसं, आधी कोण, जॅकेटशिवाय कुणी चढायचं नाही, हे सगळं आधी ठरलेलं पाहिजे. पूर पथक तिथून सुरू झालं. मी त्यात वही सांभाळते.

या वहीबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण तुमच्यापैकी किती जणांनी ती उघडून बघितली आहे याची मला शंका आहे.

पावसाळ्यात पाटबंधारे खात्याकडून रोज बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली अशा ठिकाणचे पाण्याच्या पातळीचे फूट येतात. कोयना आणि चांदोली धरणांतून किती क्युसेक पाणी सोडलं तेही येतं. हे आकडे सगळ्यांच्याच मोबाईलवर असतात आणि सगळेच ते पुढं ढकलतात. पण भिलवडी पुलाजवळ अमुक फूट झालं म्हणजे आपल्या मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागणार, हे कुठल्याच पत्रकात नसतं. ते पोरांनी काढलं. ओढ्याच्या काठानं खुणेच्या काठ्या रोवल्या, रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन बघितलं, म्हाताऱ्या माणसांकडून 2005 च्या पाण्याच्या खुणा विचारून घेतल्या आणि पुलाच्या फुटासमोर गल्लीचं नाव लिहीत गेले. आपल्याकडं पाणी नदीकडून अंगावर येत नाही, ते आधी ओढ्यातून मागं फुगतं. पहिल्यांदा पाणंद जाते, मग स्मशानाकडचा पूल जातो. नदी अजून पात्रात दिसत असते, माणसं काठावर उभी राहून फोटो काढत असतात, आणि तोवर गावातून बाहेर पडायला एकच रस्ता उरलेला असतो. 2021 च्या जुलैत आयर्विनला पाण्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली. तेव्हा खालची गल्ली आदल्या दिवशी दुपारीच रिकामी झाली, ती या तक्त्यामुळं. त्याचं कौतुक नंतर वर्तमानपत्रात आलं. फोटोत कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही.

वहीच्या दुसऱ्या भागात घरवार माहिती आहे. अंथरुणावर कोण, दिवस भरत आलेली कोण, कुणाला आठवड्याला डायलिसिसला न्यावं लागतं, कुणाचं इन्शुलिन फ्रिजमध्ये असतं. म्हशी किती, गाभण किती, ट्रॅक्टर कुणाचा. घर सोडायला कोण तयार होत नाही आणि त्याला कुणाचं ऐकावं लागतं, हेसुद्धा लिहिलंय. हसू नका, पुराच्या रात्री सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. आमच्या शेजारचे आबा फक्त त्यांच्या थोरल्या लेकीचं ऐकतात. ती दिली आहे विट्याला. तिचा नंबर वहीत आहे.

आता तक्रारी.

पहिली अर्थातच खोल्यांची. त्या खोल्या आम्ही हट्टानं धरून ठेवलेल्या नाहीत. गावठाणात 2019 चं पाणी जिथं शिरलं नाही अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यात सार्वजनिक म्हणावी अशी ही एकच. तिथं जॅकेट, दोर, ट्यूब, स्ट्रेचर, मेगाफोन, जनावरांची दावी तोडायचे कोयते ठेवलेले आहेत. "समाजमंदिरामागच्या शेडमध्ये ठेवा" असं तोंडी सांगण्यात आलं. ती शेड निळ्या पूररेषेच्या आत आहे. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. 2005, 2019 आणि 2021 बघितलेल्या गावाला हे पंचवीस आणि शंभर कसे वाटतात ते वेगळं सांगायला नको. पण निदान पुरातून वाचवायचं साहित्य पुरात बुडेल अशा जागी ठेवू नये, एवढं तरी मान्य व्हावं.

उरलेलं वर्षभर त्याच खोल्यांत अभ्यासिका चालते. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची पोरंपोरी पहाटे पाचपासून तिथं असतात. गळकी कौलं त्यांनी बदलली, भिंतींना रंग त्यांनी दिला, लाईट बिल वर्गणीतून भरलं जातं. ग्रामपंचायतीचं उत्पन्न वाढायला हवं हे आम्हालाही कळतं. घरपट्टी थकलेली आहे, पाणीपट्टीची बोंब आहे, पगार निघायची पंचाईत आहे. गाळे काढा की! एसटी थांब्याजवळ ग्रामपंचायतीची जागा पडून आहे, रस्त्याला लागून. चढावरच्या शाळेपेक्षा गिऱ्हाईक तिथंच जास्त येईल. हे आम्ही बोललो होतो. "बघू" म्हणालात.

दुसरी गोष्ट बोटीची. पुरानंतर गावाला यांत्रिक बोट मिळाली, फटाके वाजवून मिरवणूक काढली, नारळ फुटला. आज ती ग्रामपंचायतीच्या मागं उलटी पडलेली आहे आणि तिच्याखाली कुत्री व्यालेली आहे. इंजिनची सर्व्हिसिंग कधी झाली ते दप्तरात मिळत नाही. किल्ली एकाच माणसाकडं, आणि तो माणूस पावसाळ्यात लेकाकडं पुण्याला असतो. मागच्या पावसाळ्यात सरावाचं पेट्रोल पोरांनी खिशातून भरलं. त्या बिलावर "मंजुरी नाही" असा शेरा मारून ते परत आलं. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 41 प्रमाणे साधनसामग्री कधीही वापरता येईल अशा स्थितीत ठेवणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, आणि त्या व्याख्येत पंचायतही येते. बोट चालवणं म्हणजे मोटरसायकल चालवणं नव्हे. उसाच्या फडावरून जाताना पंख्यात पाचट अडकतं, वर विजेच्या तारा हाताला येतात, वायरमननं लाईन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय पुढं जाता येत नाही. याचा सराव उन्हाळ्यातच व्हायला पाहिजे, आणि सराव करणाऱ्या पोरांचा विमा पाहिजे. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा आहे. आपल्या पोरांची नावं पुढं पाठवा म्हणून दिलेला अर्ज तुमच्या टेबलावरून तहसीलला गेला की नाही, तेही अजून कळलेलं नाही.

तिसरी गोष्ट बाहेरच्याला किरकोळ वाटेल. गावात ठिकठिकाणी भिंतींवर आम्ही ऑइल पेंटनं पुराच्या रेषा मारल्या होत्या, तीन पुरांच्या तीन, बाजूला साल. बाहेरून आलेल्या बोटीच्या माणसालाही एका नजरेत कळावं, हा हेतू. गेल्या वर्षी अभियानाची समिती येणार म्हणून गाव रंगवलं तेव्हा त्या सगळ्या रेषा पुसल्या गेल्या. चावडीच्या भिंतीवर 2019 च्या रेषेच्या जागी आता "पाणी अडवा, पाणी जिरवा" लिहिलेलं आहे. त्या भिंतीवर पाणी अडवायची गरज कधीच पडली नव्हती. रेषा परत मारायला परवानगी मागितली, तर भिंत खराब होईल म्हणून नकार आला.

चौथी गोष्ट लिहिताना मला जास्त राग येतो, तेव्हा शब्द जपून वापरते. पथकात आम्ही काही मुली आहोत. संध्याकाळी सातनंतर मुलींनी खोलीत थांबू नये, असं एका सदस्यांनी आमच्या घरी येऊन वडिलांना सांगितलं. मला नाही, वडिलांना सांगितलं. काकांनो, 2019 ला मंगल कार्यालयात शेकड्यानं बायका होत्या आणि संडास दोन. बाळंतीण कुठं झोपवायची, पाळी आलेल्या मुलींनी कुणाला सांगायचं, हे बघायला एकही बाई नेमलेली नव्हती. जी नावं वहीत आज आहेत ती बायकांनी मुलींजवळ सांगितली म्हणून आहेत. सरपंच काकी, हे तुम्हाला मी काय सांगू? तुम्ही स्वतः त्या हॉलमध्ये पातेलं घेऊन चहा वाटत होतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती वहीवर सह्या घेऊन उरकली जाते आणि सह्या घ्यायला घरोघरी शिपाईमामा येतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

आणखी एक. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. त्यातली जी सुट्टीच्या दिवशी नसते ती सकाळी अकराला असते. तेव्हा गावातली तरणी पोरं पलूसच्या, कुपवाडच्या, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला असतात, नाहीतर उसाच्या तोडीवर. मग गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पाच-पंचवीस जणांत सगळे विषय मंजूर होतात. यात बेकायदा काही नाही, हे मान्य. पण नंतर "पोरं सभेला येत नाहीत, नुसती स्टेटस टाकतात" असं म्हणायचं असेल तर सभा संध्याकाळी सहाला घेऊन बघा.

पोरांच्या वयावरून जे बोललं जातं त्याबद्दल थोडं. हा आपला जिल्हा आहे. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या पगाराची रेल्वे लुटणारी प्रतिसरकारची तुफान सेना म्हणजे कुंडलची आणि आसपासची पोरंच होती, जी. डी. बापू लाड तेव्हा नुकते विशीत आलेले. आर. आर. आबा पाटील 1979 साली सावळजमधून जिल्हा परिषदेवर गेले तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती, आणि पुढं याच माणसानं ग्रामस्वच्छता अभियानातून राज्यभरच्या गावांच्या हातात झाडू दिला. गिरणी संपात मुंबईहून परत आलेली तरुण माणसं खानापूर तालुक्यात गावकऱ्यांबरोबर उभी राहिली, येरळेतली वाळू विकून पैसा उभा केला आणि बलवडी-तांदुळवाडीला बळीराजा स्मृती धरण बांधलं. जयंतीला या सगळ्यांचे फोटो ग्रामपंचायतीत लागतात, हार घातले जातात, तरुणांनी आदर्श घ्यावा अशी भाषणं होतात. याच जिल्ह्यानं 2024 ला 25 वर्षांचा आमदार निवडून दिला. मी साधारण त्याच वयाची. विधानसभेत ते वय चालतं, गावच्या आपत्ती समितीत चालत नाही, हे गणित मला सुटत नाही.

आमच्यावर राजकारणाचा शिक्काही मारला जातो. पथक अमक्या गटाचं, तमक्यानं उभं केलंय वगैरे. पथकात दोन्ही गटांच्या घरची पोरं आहेत, आणि एकाच बोटीत बसतात. निवडणुकीला उभं राहायचं कुणी ठरवलंच, तर तो त्याचा हक्क आहे, एकविसाव्या वर्षापासून कायद्यानंच दिलेला. तेवढ्यासाठी जॅकेटं शेडमध्ये टाकायचं कारण दिसत नाही. फ्लेक्सवर कुणाचा फोटो राहिला असेल तर पुढच्या फ्लेक्सवर सगळ्यांचे घेऊ, हवे तर आमचे काढा.

मागण्या अशा आहेत :

1. खोल्यांचा मार्चचा ठराव स्थगित करा आणि विषय 1 मेच्या ग्रामसभेत ठेवा. ठरावाची प्रत आम्हाला द्या. ग्रामसभेनं गाळेच मंजूर केले, तर निळ्या आणि लाल, दोन्ही रेषांच्या बाहेरची जागा आधी दाखवा. साहित्य मग आम्हीच हलवू.

2. बोटीची सर्व्हिसिंग मेअखेर करा. किल्ली ग्रामपंचायतीत, दुसरी पथकाकडं, आणि कुणी कधी नेली याची नोंद राहू दे. बोटीवर किती माणसं बसतील तो आकडा मोठ्या अक्षरात लिहा. सरावाचं पेट्रोल ग्रामपंचायतीच्या खर्चात धरा.

3. "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात पुराच्या तयारीसाठी वेगळी तरतूद दाखवा. आज त्या नावाखाली एक रुपया नाही, आणि गाव कृष्णेच्या काठावर आहे.

4. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 49 प्रमाणे ग्रामविकास समित्या नेमता येतात, त्यांवर सदस्य नसलेले गावकरीही घेता येतात. आपत्तीसाठी अशी समिती नेमा. तिच्यात पथकातली माणसं घ्या आणि निम्म्या बायका असू द्या. प्रस्ताव कोण मांडणार, पैसा कुठं जाणार, हे ठरवताना आम्ही खुर्चीवर असू, दाराबाहेर नाही.

5. भिंतींवरच्या पूररेषा परत मारू द्या. रंग आमचा.

6. आपदा मित्रसाठी दिलेला अर्ज कुठं आहे ते लेखी कळवा.

सातवी मागणी मुलींच्या वेळेबद्दल लिहिणार होते, पण ती मागणी होऊच शकत नाही. आम्ही सातनंतर तिथं असू. काही सांगायचं असेल तर मला सांगा.

उत्तर तोंडी नको, लेखी हवं. आम्ही कुणाच्या दारात घोषणा देणार नाही, रस्ता अडवणार नाही. विषय 1 मेच्या पत्रिकेवर आला नाही, तर गटविकास अधिकारी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडं याच पत्राची प्रत आणि भिंतींचे जुने-नवे फोटो देऊ. खोल्या दरम्यान रिकाम्या केल्याच, तर साहित्य आमच्या माडीवर ठेवायची तयारी झालेली आहे. पण माडी खालच्या गल्लीत आहे, आणि 2019 ला तिथं काय झालं ते वर लिहिलं आहे.

महाराष्ट्र दिनाला सुट्टी असते, तेव्हा कारखान्यातली पोरंही त्या दिवशी सभेला येतील. वहीची झेरॉक्स सोबत आणते. आधी दिलेली सापडत नसेल तर ही ठेवून घ्या, आणि पावसाळ्याआधी एकदा वाचा.

आपली,
वॉर्ड क्रमांक 3 मधली एक मतदार,
पूर पथकाची वही सांभाळणारी